टर्बाइनचं ऑइल मिस्ट: नागपुरातल्या कारखान्यांनी कन्सेंटच्या अर्जात काय दाखवायचं

टर्बाइनच्या लुब ऑइल (वंगण तेल) टँकचा व्हेंट, म्हणजे हवा बाहेर सोडणारा पाइप, छतावर जिथे उघडतो, तिथला पत्रा एकदा जवळून बघा. बोट लावलं की काळा चिकट थर लागतो आणि त्यावर उन्हाळ्याची धूळ बसलेली असते. बेअरिंगमधून गरम तेल परततं, त्याची वाफ थंड होते आणि मायक्रॉनहून बारीक थेंब हवेसोबत निघून जातात; हेच ऑइल मिस्ट. ते अडवायला एक्झॉस्टरला (टँकमधली हवा ओढणारा पंखा) जोडून कोअलेसिंग फिल्टर (बारीक थेंब एकत्र करून अडवणारा) किंवा इलेक्ट्रोस्टॅटिक यंत्र बसवतात.

या यंत्रासाठी वेगळा परवाना लागत नाही. बुटीबोरी, हिंगणा, कुठेही टर्बाइन असो, ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंटमध्येच (संमतीपत्रातच) येतं. हवा अधिनियम 1981, कलम 21. नवीन टर्बाइन असेल तर आधी उभारणीची संमती आणि मग चालवण्याची. जुन्या युनिटने नूतनीकरणात किंवा दुरुस्तीच्या अर्जात दाखवावं. अर्ज भोगवटादाराने (कारखान्याचा कायदेशीर ताबा असलेल्याने) किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मंडळाच्या पोर्टलवर करायचा. प्रादेशिक कार्यालय सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात आहे.

कागदपत्रं नेहमीचीच: जागेचा पुरावा (एमआयडीसीचं वाटपपत्र किंवा सातबारा), ले-आउट, प्रक्रियेचा फ्लो चार्ट, भांडवली गुंतवणुकीचं सीए प्रमाणपत्र, कारण फी त्यावरच ठरते, आणि आधीच्या कन्सेंटची प्रत अटींच्या पूर्ततेसह. पण खरी चूक पुढे होते. बॉयलरची चिमणी सगळे लिहितात, टँकचा व्हेंट राहून जातो. व्हेंटची उंची, व्यास, हवेचा प्रवाह, फिल्टरचं स्पेसिफिकेशन हे सगळं लिहा आणि ड्रेन लाइनचं (फिल्टरने अडवलेलं तेल काढून नेणाऱ्या पाइपचं) रेखाचित्र जोडा. मी एका ठिकाणी पाहिलं होतं, ड्रेनला यू-आकाराचा सील (तेल साचून हवा अडवणारं वळण) नव्हता; हवा फिल्टर चुकवून ड्रेनमधूनच ओढली जात होती आणि नवाकोरा फिल्टर नुसता शोभेला होता.

टँकमधला व्हॅक्यूमही जपून ठेवा. कमी पडला तर बेअरिंगच्या सीलमधून तेल झिरपतं, जास्त झाला तर ग्लँडची (शाफ्टच्या वाफरोधक सीलची) वाफ आणि धूळ तेलात ओढली जाते. एक्झॉस्टर निवडताना उत्पादकाने दिलेली मर्यादाच धरा.

अडवलेलं तेल कुठे जातं, हाही अर्जाचाच भाग आहे. वापरलेलं तेल घातक कचरा नियम 2016 च्या अनुसूची 1 मध्ये 5.1 या नोंदीत येतं. त्यासाठी नमुना 1 मध्ये मंडळाकडे प्राधिकार (ऑथोरायझेशन) मागा. साठवण 90 दिवसांपर्यंत, नोंद नमुना 3 मध्ये, वार्षिक विवरण नमुना 4 मध्ये 30 जूनपर्यंत. तेल फक्त अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्या. ड्रम भंगारवाल्याच्या गाडीत चढू देऊ नका. तेलाने भिजलेले फिल्टरही वेगळे मोजा आणि घातक कचऱ्यातच धरा.

टर्बाइन हॉलमधल्या माणसांसाठीची मर्यादा निराळी आहे. कारखाने अधिनियम 1948 च्या दुसऱ्या अनुसूचीत खनिज तेलाच्या मिस्टसाठी आठ तासांची सरासरी घनमीटरला 5 मिलिग्रॅम आणि अल्पकाळासाठी 10 दिली होती; नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा संहिता 2020 ने घेतली आहे. पाळीच्या कामगाराच्या श्वासाच्या उंचीवर मोजणी करून घ्या आणि तो अहवाल फाइलला लावा.