पिसे उपटणे (पोपटांतील)

पिंजऱ्यातील पोपटाने स्वतःचीच पिसे चोचीने उपटणे, कुरतडणे किंवा दांड्यापाशी तोडणे, या वर्तनदोषाला ही संज्ञा लावतात. ठरावीक काळाने होणारी पिसझड तीत येत नाही. कोंबड्यांमध्ये आढळणारा पिसे ओढण्याचा प्रकारही सामान्यतः वेगळा मानतात, कारण तेथे पिसे दुसऱ्या पक्ष्याची जातात. पाळीव पोपटांत हे प्रमाण सुमारे 10 टक्के असल्याचे वारंवार सांगितले जाते; अंदाज म्हणूनच ते घ्यावे. आफ्रिकी करडा पोपट आणि काकाकुवे यांत हा दोष विशेष दिसतो, रानातील पोपटांत जवळजवळ नाही.

छाती, पोट, मांड्या आणि पंखांची आतली बाजू येथून सुरुवात होते. पक्षी नेहमीसारखा पिसे साफ करीत असतो, एखादे पीस चोचीतून मुळापासून टोकापर्यंत ओढतो आणि मधेच थांबून उपटतो किंवा दांडा चावत बसतो. पिंजऱ्याच्या तळाशी पडलेले पीस उचलून पाहिल्यास फरक कळतो: झडलेल्या पिसाचे टोक व दांडा शाबूत असतात, कुरतडलेल्याचा दांडा चेचलेला वा फाटलेला असतो. गळ्यापासून खाली उघडा पडलेला पोपट डोक्यावर मात्र टोपी घातल्यासारखा भरगच्च दिसतो, कारण स्वतःची चोच स्वतःच्या डोक्याला पोचत नाही. डोकेही बोडके असेल तर सोबतच्या पक्ष्यावर किंवा सर्कोव्हायरस या विषाणूमुळे होणाऱ्या चोच-पीस रोगावर संशय घ्यावा.

उपपत्तीविषयी मतभेद आहेत. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलोपो यांनी 1889 मध्ये माणसांतील केस उपटण्याच्या विकाराला ‘ट्रायकोटिलोमॅनिया’ हे नाव दिले. त्याच धर्तीवर पक्ष्यांसाठी ‘टेरोटिलोमॅनिया’ हा शब्द बनला (ग्रीक टेरॉन म्हणजे पीस किंवा पंख). या मताप्रमाणे हा मनोविकार असून शरीर साफ करण्याच्या क्रियेला लगाम न राहिल्याने तो जडतो. दुसऱ्या मताप्रमाणे ही अन्न शोधण्याची अडलेली वृत्ती आहे. रानात पोपट दिवसाचे कित्येक तास शेंगा सोलण्यात, कवची फोडण्यात घालवतो; वाटीत दाणे मिळाले की तेच काम तासाभरात उरकते आणि रिकामी चोच पिसांकडे वळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रयोगांत (2003 च्या सुमारास) अन्न हुडकण्याची साधने मिळालेल्या तरुण ॲमेझॉन पोपटांची पिसे चांगली राहिली, आणि साधने उशिरा मिळालेल्यांचीही सुधारली. पुढे 2021 मध्ये 50 जातींच्या पोपटांची तुलना झाली. निसर्गतः सोलण्या-फोडण्याचे अन्न खाणाऱ्या जातींत पिसांची नासधूस अधिक आढळली. पहिल्या मताला मनोविकारांवरील औषधांच्या परिणामांचा आधार दिला जातो, पण वर्तनाचा उगम त्यातून सिद्ध होत नाही. आनुवंशिकतेचा वाटा बाजूला ठेवूनही दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

तथापि कोणतीही उपपत्ती लावण्यापूर्वी शारीरिक कारणे वगळणे आवश्यक असते. ही पायरी टाळूनच पुष्कळ पक्ष्यांवर ‘कंटाळा आलाय’ असा शिक्का बसतो. त्वचेचा संसर्ग, यकृताचे विकार, बोर्नाव्हायरस हा विषाणू, कॉकटिएलमध्ये (काकाकुवा कुळातील लहान तुरेवाला पोपट) जिआर्डिया हा आतड्यातील परजीवी, गंजलेल्या पिंजऱ्यातून वा जस्ताच्या मुलाम्यातून होणारी विषबाधा, कोरडी हवा, तंबाखूचा धूर ही यादी मोठी आहे. केवळ सूर्यफुलाच्या बिया व शेंगदाण्यांवर वाढलेल्या पक्ष्यात अ जीवनसत्त्वाची उणीव पडते. त्वचा खरखरीत होते आणि खाज सुटते. म्हणून रक्ततपासणी, विष्ठेची तपासणी आणि गरज पडल्यास क्ष-किरण चित्र घेतात.

उपचारात अन्न मिळवणे अवघड करणे हा गाभा होय: पानांसकट मक्याचे कणीस, न सोललेल्या मटाराच्या शेंगा, कागदाच्या पुडीत गुंडाळलेले दाणे, चावायला मऊ लाकूड. आहारात गाजर, लाल भोपळा, हिरवी पालेभाजी हळूहळू वाढवतात. रोज पाण्याचा बारीक फवारा आणि 10 ते 12 तास अंधारी, शांत झोप यांचीही शिफारस केली जाते. पिंजरा सतत येजा असलेल्या दारासमोर नसावा. ॲमेझॉन पोपटांच्या एका पाहणीत दार थेट दिसणाऱ्या पिंजऱ्यांत हा दोष अधिक होता. पीस ओढताना पक्ष्यावर ओरडणे टाळावे, कारण ओरडणेही त्याला लक्ष वाटते. चोच पिसांपर्यंत पोचू न देणारा गळपट्टा केवळ त्वचेला जखम होत असल्यास घालतात. तो कारण दूर करीत नाही, उलट पक्ष्याला बावरवतो. क्लोमिप्रामीन, फ्लुओक्सेटीन यांसारखी मनोविकारांवरील औषधे पक्षितज्ज्ञ पशुवैद्याच्या देखरेखीखालीच देतात. पीस पुन्हा उगवण्यास काही आठवडे ते महिने लागतात. पुटक (पीस ज्या खळगीतून उगवते ती) वारंवार दुखावले असल्यास तेथे पीस कायमचेच येत नाही.

संशोधन मुख्यतः करडे पोपट, काकाकुवे व ॲमेझॉन यांवर झाले आहे. भारतात राघूसारखे देशी पोपट पिंजऱ्यात ठेवण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार मनाई आहे. आफ्रिकी करड्या पोपटाचा समावेश 2016 मध्ये सायटीस कराराच्या (वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक बंधनांच्या, परिशिष्टात झाला.