मामा तलावांत पाणवनस्पती का लावाव्या लागतात

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव भागात उन्हाळ्यात मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, आटले की मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या बाया बेशरम या तणाची झुडपे मुळासकट उपटतात. मग तळ नांगरतात आणि पाऊस लागला की चिखलात हायड्रिला, व्हॅलिसनेरिया अशा पाणवनस्पती धानाच्या रोवण्यासारख्या रोवतात. नागपुरात हे सांगितले की लोक विचारतात, तलावात कधी लागवड करतात का? याचे उत्तर शोधायला तीनशे वर्षे मागे जावे लागते, आणि त्या वाटेवर आपले नागपूरही येते.

पूर्व विदर्भातले हे साडेसहा हजारांहून अधिक तलाव मुख्यतः कोहळी समाजाने गोंड राजवटीत उभे केले. जंगल साफ करून जो तलाव बांधेल, त्याला त्याखालच्या जमिनीचा हक्क मिळे, असे परंपरेने सांगतात. नवेगावबांधच्या तलावाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव जोडलेले आहे. पाणी अडवायला मातीची पाळ, पाणी सोडायला तुडुम, जादा पाणी जायला सलंग. तलाव बशीसारखा उथळ. पाणी हळूहळू उतरे, उघड्या पडलेल्या गाळावर पीक निघे आणि काठच्या उथळ पाण्यातल्या वनस्पतींत मासे अंडी घालत. पिल्लांना लपायला जागा आणि खायला किडे तिथेच मिळत.

1853 मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. पुढच्या जमाबंदीत मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्यांना, गावांची मालकी मिळाली, म्हणून हे मालगुजारी तलाव. त्या काळात वेठबिगारी होती, तिचे गोडवे मी गाणार नाही. पण पाळ फुटली तर ज्याचे नुकसान व्हायचे, तो माणूस गावातच राहत होता.

मालगुजारी संपवणारा 1950 चा कायदा नागपूरच्याच विधानसभेत झाला, कारण तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी इथे होती. 31 मार्च 1951 पासून तलाव सरकारचे झाले. 'माजी मालगुजारी'चे 'मामा' झाले. पुढे मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, मासेमारी सहकारी संस्थांकडे ठेक्याने गेली. तळाच्या वनस्पतींचा विचार यात कोणाच्याच वाट्याला आला नाही, आणि माझ्या मते खरे नुकसान तिथे झाले.

उत्पादन वाढावे म्हणून रोहू, कटला, मृगल यांचे बीज सोडले जाऊ लागले. हे मासे साठलेल्या पाण्यात वीत नाहीत, त्यामुळे बीज दरवर्षी विकत आणावे लागते. ग्रास कार्प आला, तो वनस्पतीच खातो. काठाने बेशरम पसरली, ती गुरे खात नाहीत. खोलीकरणात उथळ काठच खणून गेले. मरळ, वाम आणि लहान स्थानिक मासे कमी होत गेले, आणि ते गोळा करून घर चालवणाऱ्या ढीवर बायांची कमाईही. नागपूरच्या बाजारात आज कटल्याचे ढीग असतात, मरळ मात्र विचारावी लागते.

हे सगळ्यात आधी ढीवरांच्याच लक्षात आले. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा थांबतो, हे त्यांना ठाऊक होते. त्यांचे हे ज्ञान आणि अभ्यासकांची साथ यांतून तलाव पुन्हा जागते करण्याचे काम सुरू झाले. एकदा लावून ते संपत नाही. बेशरमचे एखादे कांडे ओल्या चिखलात राहिले तरी फुटते, म्हणून उपटलेला प्रत्येक तुकडा वेचून पाळीबाहेर न्यावा लागतो.