फोनला चुगली करायला लावलं कुणी?

जीपीएसच्या एकाही उपग्रहाला तुम्ही कुठं आहात हे ठाऊक नसतं. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर ते फिरत असतात आणि ‘आत्ता इतके वाजलेत, मी इथं आहे’ एवढाच संदेश सतत सोडत राहतात. परभणीच्या आकाशवाणी केंद्राला कुणाच्या घरात रेडिओ लागलाय ते कळत नाही, तसंच हे. फोनमधली चिप किमान चार उपग्रहांचे संदेश पकडते, प्रत्येकाला पोचायला किती वेळ लागला ते बघते आणि त्यावरून जागा काढते. रेडिओलहर सेकंदाच्या एक अब्जांश भागात ३० सेंटिमीटर जाते. म्हणजे घड्याळ इतकंसं चुकलं तरी हिशेब बिघडणार. म्हणून उपग्रहात अणुघड्याळं असतात, आणि सापेक्षतेच्या नियमांमुळं ती जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतात, तीही चूक आधीच धरून दुरुस्त केलेली असते. एवढा खटाटोप झाल्यावर मोकळ्या आभाळाखाली साधारण ५ मीटरपर्यंत अचूक उत्तर निघतं, आणि ते तुमच्या फोनच्या आतच राहतं.

मग ते दुसऱ्याला कळतं कसं? फोन इंटरनेटवरून पाठवतो म्हणून. आणि फोन आपल्या मनानं काही पाठवत नाही. त्याला कुणीतरी कधीतरी तसं सांगून ठेवलेलं असतं.

लातूरला नीटच्या क्लाससाठी रूम करून राहिलेली मुलगी मैत्रिणीच्या गावी म्हणून उदगीरला जाते. स्टँडवर उतरून पाच मिनिटं होत नाहीत तोच मित्राचा मेसेज येतो, ‘उदगीरला काय करलालीस?’ तिनं कुणालाच सांगितलेलं नसतं. अशा वेळी पहिला संशय जातो तो ‘हॅक’वर. कुणी म्हणतं नंबरवरून काढलं असेल, कुणी म्हणतं टॉवरवरून. टॉवरची माहिती मोबाईल कंपनीकडं असते आणि ती कायदेशीर मागणी करून पोलिसांना मिळते, कुणाच्या बॉयफ्रेंडला मिळत नाही. शिवाय ती ढोबळ असते. जुन्या टूजी तंत्रात टॉवर फोनचं अंतर सुमारे साडेपाचशे मीटरच्या टप्प्यांनी मोजतो. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात एकेक टॉवर कितीतरी गावं सांभाळतो, तिथं ‘या टॉवरच्या हद्दीत’ एवढंच सांगता येतं. ‘फक्त मोबाईल नंबर टाका, लोकेशन बघा’ म्हणणाऱ्या वेबसाइटी तर पैसे नाहीतर माहिती लुबाडायला बसलेल्या असतात.

खरी वाट बहुतेक वेळा फार साधी असते: फोनमधलं जीमेल.

आपल्याकडं नवा फोन घेतला की दुकानातच ‘चालू करून’ मागतात. मोबाईलवाला जीमेल काढतो, पासवर्ड म्हणून मालकिणीचं नाव आणि एक-दोन-तीन टाकतो, कधीकधी वहीत लिहूनही ठेवतो. किंवा साखरपुड्यात नवऱ्या मुलाकडून फोन येतो तोच सगळं भरून, त्यात त्याचंच जीमेल. पोरगी खूश, घरचेही खूश. आता ज्याच्याकडं त्या खात्याचा पासवर्ड आहे त्याला कुठलंही चोरटं सॉफ्टवेअर लागत नाही. हरवलेला फोन शोधायची गुगलची जी सोय आहे, ती दुसऱ्या फोनवर त्याच खात्यानं उघडली की हा फोन नकाशावर दिसतो. सोय चोरी झालेल्या फोनसाठी केलेली आहे, पण फोन खरंच चोरीला गेलाय का हे ती विचारत नाही. म्हणून सिम बदलून काही होत नाही. लोकेशन नंबरला नाही, खात्याला बांधलेलं असतं. अनेक जणी नेमक्या इथंच फसतात: नवं सिम घेतात, फोन तोच, जीमेल तेच, आणि दोन दिवसांनी पुन्हा ‘कुठं होतीस?’

बघायचं असेल तर सेटिंगमध्ये गुगल उघडून वर कुठला मेल आयडी दिसतो ते आधी पाहा. तो तुम्हीच काढलाय का? मग त्याच खात्याच्या ‘सिक्युरिटी’ भागात ‘युअर डिव्हायसेस’ आहे, तिथं हे खाते कुठल्या कुठल्या फोनवर, कॉम्प्युटरवर उघडं आहे त्याची यादी मिळते. आपला एक फोन आणि कधी न पाहिलेला दुसरा, असं दिसलं की बराचसा उलगडा होतो. रिकव्हरीचा, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायचा, फोन नंबर कुणाचा आहे तेही तिथंच बघून घ्यावं. तो नंबर पाळत ठेवणाऱ्याचा असेल तर तुम्ही शंभर वेळा पासवर्ड बदला, तो माणूस एका ओटीपीत परत आत येतो.

गुगल मॅप्समध्ये स्वतःच्या फोटोवर टिचकी मारली की ‘लोकेशन शेअरिंग’ सापडतं. तिथं शेअरिंग एका तासापुरतंही ठेवता येतं आणि ‘बंद करेपर्यंत’सुद्धा. दुसरा पर्याय एकदा कुणी तुमच्या फोनवरून दाबून ठेवला की महिनोन्‌महिने चालतो. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन त्या मानानं सोज्वळ, १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास झाले की आपोआप संपतं. स्नॅपचॅटच्या नकाशावरही एकदा नजर टाकावी, तिथं ‘घोस्ट मोड’ लावला की आपण दिसेनासे होतो. आयफोन वापरणाऱ्यांना आयओएस १६ पासून, म्हणजे २०२२ पासून, ‘सेफ्टी चेक’ मिळतं. कुणाकुणाशी काय काय वाटून घेतलंय ते एका जागी दिसतं आणि तिथूनच तोडता येतं.

यात एक गोष्ट मला स्पष्ट लिहावीशी वाटते. नांदेडहून रात्रीच्या एसटीनं निघालेल्या मुलीनं आपणहून आईला किंवा मित्राला लाइव्ह लोकेशन पाठवलं, तर ती तिची सोय आहे. तेच तिला न सांगता चालू ठेवलं, किंवा ‘बंद का केलंस’ म्हणून भांडण काढलं, तर त्याला काळजी म्हणायला मी तयार नाही. तंत्र दोन्हीकडं तेच असतं, फरक एवढाच की बंद करायचं बटण कुणाच्या हातात आहे.

आता गाडीकडं वळू. उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या मोजायला जीपीएस बसवतात हे मराठवाड्याला नवीन नाही. ट्रकला, जेसीबीला, शाळेच्या बसलाही ते असतं. त्यामुळं हे यंत्र बसवणारा ऑटो इलेक्ट्रिशियन तालुक्याच्या गावीही मिळतो, आणि तेच यंत्र स्कूटीला पाच-दहा मिनिटांत बसतं. काडेपेटीएवढी काळी डबी, तिच्यातून निघालेल्या लाल आणि काळ्या वायरी बॅटरीला जोडलेल्या, वर इन्सुलेशन टेप, आणि कडेला लुकलुकणारा बारीकसा दिवा. आत जीपीएसची चिप आणि एक सिमकार्ड. चिप जागा काढते, सिम ती मोबाईल नेटवर्कवरून डबी बसवणाऱ्याच्या अ‍ॅपवर पाठवतं. बॅटरीवरच चालत असल्यानं चार्जिंगची कटकट नाही. शोधायचं तर सीट उचलून बॅटरीच्या आसपास, पुढच्या पॅनेलच्या आत आणि नंबरप्लेटच्या मागं. कारमध्ये स्टिअरिंगच्या खाली मेकॅनिक ज्या सॉकेटला आपलं यंत्र लावतो तिथंही असली डबी थेट खोचता येते, वायरसुद्धा लागत नाही. चुंबकाची डबी असेल तर ती गाडीच्या पोटाखाली लोखंडाला चिकटलेली सापडते. स्वतः वायरी ओढत बसू नका. ओळखीच्या नव्हे, दुसऱ्या भागातल्या गॅरेजला गाडी दाखवा. छोट्या गावात गॅरेजवाला आणि डबी बसवून घेणारा एकाच टपरीवर चहा पीत असतात.

टॅगचं, म्हणजे किल्ली-पर्स हरवू नये म्हणून लावायच्या चकतीचं, विज्ञान यापेक्षा मजेदार आहे. अ‍ॅपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला, आता जिओसकट अनेकांचे स्वस्त टॅग मिळतात. या रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्याच मोठ्या चकतीत बहुधा ना जीपीएस असतं ना सिम. ती ब्लूटूथवर एक बारीक हाक देत राहते. शेजारून जाणाऱ्या कुठल्याही माणसाचा फोन ती हाक ऐकतो आणि स्वतःचं लोकेशन जोडून, कुलूपबंद करून, कंपनीच्या सर्व्हरवर टाकतो. त्या माणसाला याचा पत्ताही नसतो. म्हणजे टॅगची नजर गर्दीवर अवलंबून. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात तो अगदी नेमकं सांगेल, पण हिंगोलीकडं एखाद्या शेतातल्या आखाड्यावर आसपास फोनच नसले तर तो गप्प बसेल. एअरटॅगला तर आयफोनच लागतात. आपल्या खेड्यात ते थोडे, त्यामुळं त्याची माहिती तुकड्यातुकड्यांनी पोचते.

असा टॅग पर्सच्या अस्तरात शिवलेला असेल तर ओळखायचं कसं? मालकाजवळ असताना एअरटॅग आपली ब्लूटूथ ओळख दर १५ मिनिटांनी बदलतो. मालकापासून तुटला की मात्र दिवसभर एकच ओळख धरून ठेवतो. तेवढ्यावरून तुमचा फोन ताडतो की हीच चकती सकाळपासून आपल्यामागं फिरतेय, आणि सूचना देतो. अ‍ॅपल आणि गुगल यांनी यासाठी एकत्र नियम ठरवले आणि मे २०२४ पासून अँड्रॉइड ६ आणि पुढच्या फोनवर, तसंच आयओएस १७.५ वर, एकमेकांच्या टॅगचीही सूचना येऊ लागली. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’खाली ‘अननोन ट्रॅकर अलर्ट्स’ आहे, तिथून हातानंही शोध घेता येतो. त्यासाठी ब्लूटूथ आणि लोकेशन चालू लागतं. लोकेशन बंद करून सुरक्षित झालो असं मानणाऱ्याला नेमकी हीच सूचना मिळत नाही.

पण या यंत्रणेची एक मोठी उणीव आहे. ती अनोळखी माणसाला डोळ्यांपुढं ठेवून बनवली आहे. टॅगचा मालक रोज संध्याकाळी भेटत असेल, किंवा एकाच घरात राहत असेल, तर टॅग रोज मालकाजवळ परत येतो आणि गजराचा हिशेब पहिल्यापासून सुरू होतो. एकट्यानं फिरल्यावर एअरटॅग ८ ते २४ तासांनी स्वतः वाजतोही, पण मालक त्याच्या आत भेटला तर तेही नाही, आणि आतला स्पीकर काढून टाकणारे बहाद्दर आहेतच. म्हणून जवळच्या माणसाचा संशय असेल तर सूचनेची वाट बघत बसण्यापेक्षा पर्सचं अस्तर, सॅकचा तळ, डिक्कीतला रेनकोट, भेट मिळालेली कीचेन हातानं चाचपून बघणं जास्त उपयोगाचं.

हेरगिरीच्या अ‍ॅपबद्दल लोकांना सगळ्यात जास्त भीती असते, म्हणून थोडक्यात. ते सहसा लांबून आपोआप येत नाही. अँड्रॉइडवर कुणाला तरी तुमचा फोन काही मिनिटं उघडा हातात मिळावा लागतो. तो प्ले स्टोअरबाहेरची फाइल टाकतो, घातक अ‍ॅप पकडणारं प्ले प्रोटेक्ट बंद करतो, अ‍ॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं वाचायची, परवानगी देतो आणि आयकॉन लपवतो. खुणा उलट्या दिशेनं शोधायच्या: प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट चालू आहे का, अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘सिस्टिम सर्व्हिस’ किंवा ‘वायफाय’ असल्या गुळमुळीत नावाचं काही आहे का, फोनवर जादा ताबा असलेल्या अ‍ॅपांच्या ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ यादीत कोण बसलंय. अँड्रॉइड १२ पासून ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’ गेल्या २४ तासांत कुठल्या अ‍ॅपनं लोकेशन घेतलं ते वेळेसकट दाखवतो. बॅटरी लवकर उतरते, फोन तापतो, यावर फार विसंबू नका. मे महिन्यात बीडमध्ये सगळेच फोन तापतात. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२१ मध्ये असल्याच एका कंपनीच्या धंद्यावर बंदी घातली, कारण चोरून गोळा केलेली माहिती ती नीट सांभाळतही नव्हती.

सापडलं की लगेच काढायचं का? इथं घाई नडते. लोकेशन अचानक दिसेनासं झालं की समोरच्याला कळतं, आणि जो आधीच धमक्या देतो, हात उगारतो, तो त्याच रात्री दारात येऊ शकतो. तेव्हा आधी राहायची सुरक्षित जागा, विश्वासातलं एक माणूस, आणि मग फोन. मदतीचा शोध, वकिलाशी बोलणं, नवा मेल आयडी काढणं हे सगळं मैत्रिणीच्या फोनवरून किंवा कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून करावं, संशयित फोनवरून नाही. जे दिसलं त्याचे फोटो दुसऱ्या फोननं काढावेत, तारीख-वेळ लिहून ठेवावी. अ‍ॅप उडवायच्या आधी त्याच्या परवानग्यांच्या पानाचा फोटो घ्यावा, कारण रीसेट केल्यावर पुरावाही जातो. रीसेट केलाच तर जुना बॅकअप परत घेऊ नये, आणि नवं खातं स्वतः, स्वतःच्या नंबरवर, घरात कुणालाही अंदाज बांधता येणार नाही अशा पासवर्डनं काढावं. स्क्रीनचा पॅटर्नही त्याच दिवशी बदलायचा.

कायदा इथं बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणं पुरुषानं स्त्रीचा नकार असताना तिचा वारंवार पाठलाग करणं, किंवा तिच्या इंटरनेट-ईमेलवर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केला तर ५ वर्षांपर्यंत कैद. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या फोनमध्ये किंवा खात्यात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली येतं, आणि तिथं तक्रारदार बाई की पुरुष हा प्रश्नच नाही. लग्न झालं असलं किंवा लग्नासारखं एकत्र राहत असाल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही कामाला येतो.

अंगावर बेतलं तर ११२, महिलांसाठी १८१, सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टल. पोलिसांकडं जाताना स्कूटीतली ती डबी फेकून देऊ नका, फोडूही नका. तिच्यावर यंत्राची ओळख सांगणारा १५ आकडी आयएमईआय नंबर छापलेला असतो आणि आतलं सिम कुणाच्या तरी नावावर घेतलेलं असतं. एअरटॅग असेल तर त्याची पांढरी बाजू एनएफसी (नुसतं टेकवून माहिती वाचायची सोय) असलेल्या कुठल्याही फोनच्या पाठीला टेकवा. उघडणाऱ्या पानावर त्याचा सिरीयल नंबर येतो, आणि बहुतेक वेळा मालकाच्या मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडेही. त्या पानाचा फोटो आधी काढून घ्यायचा, मगच टॅगची बॅटरी काढायची.