‘आमच्याकडे किती रिश्टर झाला?’ हा प्रश्नच चुकीचा आहे: भूकंपाची मॅग्निट्यूड वेगळी, तीव्रता वेगळी

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात भूकंप झाला आणि पार नांदेड, परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले. पंधरा मिनिटांत आमच्या घरच्या ग्रुपवर सुरू झालं. हिंगोलीतल्या कळमनुरीची आत्या म्हणाली आमच्याकडे ४.५ झाला, नांदेडचा चुलतभाऊ म्हणाला आमच्याकडे एवढा नव्हता, फार तर ३ असेल, आणि पुण्याचे काका विचारत होते की मग आमच्याकडे किती झाला, काहीच कसं कळलं नाही. म्हणजे एकच भूकंप आणि प्रत्येक घराचा रिश्टर वेगळा!

दर भूकंपाला हे होतं आणि दर वेळी मी तेच तेच टाइप करते, म्हणून यावेळी नीट लिहून ठेवते.

यात आत्याची काही चूक नाही हे आधी सांगते. मराठी बातम्यांनी गेली कित्येक वर्षं एक वाक्य घोटून घोटून आपल्या डोक्यात बसवलंय: ‘भूकंपाची तीव्रता ४.५ रिश्टर स्केल इतकी नोंदवण्यात आली.’ या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. भूगर्भशास्त्रात तीव्रता हा शब्द एका गोष्टीसाठी राखलेला आहे आणि ४.५ हा आकडा दुसऱ्याच गोष्टीचा आहे. त्या दुसऱ्या गोष्टीला पुस्तकात महत्ता म्हणतात, कुठे परिमाण म्हणतात, पण बोलण्यात दोन्ही फारसे कुणी वापरत नाही, म्हणून मी सरळ मॅग्निट्यूड म्हणते.

मॅग्निट्यूड सगळ्यांना माहितीये, त्यामुळे पटकन उरकते. जमिनीखाली खडक सरकला तेव्हा तिथे भूकंप मुळात किती मोठा झाला, त्याचं माप म्हणजे मॅग्निट्यूड. १९३५ मध्ये चार्ल्स रिश्टरने कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी हे माप काढलं, एका ठरावीक यंत्रावर, ठरावीक अंतराचा हिशेब धरून. मोठ्या भूकंपांना ते पुरेना, म्हणून १९७९ पासून मोमेंट मॅग्निट्यूड आलं. खडकाचा केवढा भाग सरकला, किती सरकला आणि तो खडक किती कडक होता यावरून ते काढतात. आज मोठ्या भूकंपाचा जो आकडा येतो तो बहुतेक वेळा हाच असतो, तरी आपण अजून रिश्टरच म्हणतो. म्हणा, त्यावरून मी भांडणार नाही. एक आकडा वाढला की यंत्रावरची लाट १० पट मोठी आणि ऊर्जा साधारण ३२ पट, हे शाळेत झालेलंच आहे. फक्त ‘रिश्टर १ ते १० असतं’ हे कृपा करून कुणाला शिकवू नका, या मापाला वरची हद्द ठरवून दिलेली नाही, आजवर मोजलेला सगळ्यात मोठा भूकंप १९६० चा चिलीचा, ९.५ चा, एवढंच.

आता तीव्रता. एखाद्या ठराविक जागी, म्हणजे तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत, जमीन किती हलली आणि तिने माणसांचं, भांड्यांचं, भिंतींचं काय केलं, ती तीव्रता. ती १ ते १२ मध्ये सांगतात, मूळ पट्टीवर रोमन आकड्यांत. जगात मर्काली पट्टी प्रसिद्ध आहे, आपल्याकडे बरीच वर्षं एमएसके नावाची १९६४ ची पट्टी वापरात आहे. तिचा अंदाज यावा म्हणून ढोबळ सांगते. ४ ला मांडणीतली भांडी वाजतात, दारं-खिडक्या खडखडतात. ५ ला झोपलेले जागे होतात, टांगलेल्या वस्तू झुलतात. ६ ला लोक घाबरून बाहेर पळतात, गिलाव्याला चिरा जातात. ८ ला दगडमातीच्या घरांची पडझड होते.

लोक अडखळतात ते नेमकं इथे. एका भूकंपाची मॅग्निट्यूड एकच असते, कळमनुरीत मोजा नाहीतर टोकियोत मोजा. तीव्रता मात्र जितकी गावं तितक्या. हिंगोलीचा तो भूकंप ४.५ चाच होता, आत्यासाठीही, चुलतभावासाठीही आणि ज्यांना काही कळलंच नाही त्या काकांसाठीही.

ज्यांनी विहीर खोदताना पाहिलीये त्यांना हे एका मिनिटात कळेल. सुरुंगात जिलेटीनच्या किती कांड्या भरल्या हा आकडा एकदा ठरला की ठरला, तो ऐकणाऱ्यागणिक बदलत नाही. पण बांधावरच्या माणसाच्या पायाखालची जमीन उडते, वस्तीवरच्या घराचा पत्रा थरथरतो, गावातल्या देवळात नुसता ‘धम्म’ असा आवाज येतो. कांड्या म्हणजे मॅग्निट्यूड, पत्र्याची थरथर म्हणजे तीव्रता. आणि कांड्या तेवढ्याच असल्या तरी सुरुंग दोन हात खोल उडवला की वीस हात खोल, यानेही वर फरक पडतो.

भूकंपात अगदी हेच होतं. २६ ऑक्टोबर २०१५ ला हिंदुकुशात ७.५ चा भूकंप झाला, दिल्लीपर्यंत पंखे हलले, पण तो २०० किलोमीटरपेक्षा खोल होता, म्हणून तेवढाच भूकंप उथळ झाला असता तर जो हाहाकार माजला असता तो टळला. उलट आपल्या पालघरात, डहाणू-तलासरी पट्ट्यात, नोव्हेंबर २०१८ पासून जे धक्के सुरू झाले त्यातले बहुतेक आकड्याने लहान, मोठे म्हणावे तेही ४ च्या आसपासचे, पण अगदी उथळ. त्यामुळे जमिनीतून स्फोटासारखा आवाज यायचा, घरांना तडे गेले, लोक थंडीत रात्र रात्र बाहेर झोपले. तेव्हा मुंबईत बसून ‘तीनचाच तर आहे, एवढं काय घाबरायचं’ म्हणणारे भेटले की मला खरोखर राग यायचा. आकडा तीनचा होता, पण भिंत त्या लोकांची होती.

अंतर आणि खोली झाली, तिसरी गोष्ट पायाखालची माती. २६ जानेवारी २००१ चा भुजचा भूकंप ७.७ चा. अहमदाबाद तिथून २०० किलोमीटरहून लांब, तरी तिथे बहुमजली इमारती पडल्या आणि शेकडो माणसं गेली. शहर साबरमतीच्या गाळावर वसलंय, मऊ गाळात लाटा वाढतात, आणि पडलेल्यांतल्या बऱ्याच इमारतींना खाली पार्किंगसाठी नुसते खांब होते, भिंतीच नव्हत्या. मेक्सिको सिटीत १९८५ ला हेच याहून भयंकर झालं, भूकंप साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास लांब समुद्राकाठी आणि इमारती पडल्या राजधानीत, कारण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या चिखलावर उभा आहे.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपलेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं उद्ध्वस्त झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मॅग्निट्यूड ६.२. जगाच्या हिशेबात हा मध्यम भूकंप, एवढे दरवर्षी कितीतरी होतात आणि बातमीतसुद्धा येत नाहीत. आमच्याकडे मात्र ‘६.२ म्हणजे महाभयंकर’ असं कायमचं डोक्यात बसलंय आणि ते ६.२ या आकड्यामुळे बसलेलं नाही. भूकंप उथळ होता, गावाच्या अगदी खाली होता आणि घरं माळवदाची होती. माळवद ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते: दोन-तीन फूट जाडीच्या दगडाच्या भिंती, जोडायला सिमेंट नाही, नुसता चिखल, वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. छत गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर आणखी पांढरी माती टाकायची, म्हणजे डोक्यावरचं वजन वर्षागणिक वाढत जायचं. हे छत उन्हाळ्यात फार गार असतं, माझ्या आजोळी तसंच होतं आणि दुपारची झोप तिथल्यासारखी मला पुन्हा कुठे लागली नाही. पण भिंत फुगून सुटली की ते सगळं वजन खाली येतं आणि माती नाकातोंडात जाते. तिथे तीव्रता ८ ते ९ धरली जाते.

याच्याशेजारी कोयना ठेवून बघा. ११ डिसेंबर १९६७, तोही पहाटेचा, मॅग्निट्यूड ६.३, म्हणजे किल्लारीच्या बरोबरीचाच. कोयनानगरमधल्या बहुतेक घरांचं नुकसान झालं, म्हणजे तीव्रताही मोठीच होती. तरी मृत्यू १८० च्या आसपास. तिथे किल्लारीसारखी दाट माळवदी गावं नव्हती, पावसाचा मुलूख असल्याने छपरं उतरती, कौलांची नाहीतर पत्र्याची. म्हणून मृतांचा आकडा बघून तीव्रता ठरवणं हीसुद्धा चूक आहे. एमएसके पट्टी वापरणारा माणूस आधी विचारतो की पडलं ते घर कसलं होतं, दगडमातीचं, विटांचं की आरसीसीचं, आणि मग आकडा देतो. २०१० साली जानेवारीत हैतीत ७.० चा भूकंप झाला आणि लाखाहून जास्त माणसं गेल्याचे अंदाज आहेत, दीड महिन्यात चिलीत ८.८ चा झाला, ऊर्जा जवळजवळ ५०० पट, आणि मृत्यू पाचशेच्या घरात. यात हैतीत राजधानी भूकंपाला चिकटून होती हा भाग आहेच, पण चिलीने घरं नियमाने बांधली होती हा भाग त्याहून मोठा आहे.

आता माझा खरा राग. फ्लॅट बघायला गेलं की माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ‘८ रिश्टरपर्यंत भूकंपरोधक इमारत’. या वाक्याला काही अर्थ नाही. कुठला ८? दहा किलोमीटरवरचा की पाचशे किलोमीटरवरचा? किती खोल? खाली कातळ की भराव? इमारतीला रिश्टर कळत नाही, तिला फक्त तिच्या पायाशी जमीन किती जोरात हलली ते कळतं. मी एका ठिकाणी हे विचारलं तर सेल्सवाल्या मुलाने ‘मॅडम, सर्टिफिकेट आहे’ म्हणून विषय बदलला. विचारायचं ते हे: आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाप्रमाणे कुठल्या झोनसाठी (म्हणजे भूकंपाच्या धोक्यानुसार पाडलेल्या देशाच्या कुठल्या भागासाठी) डिझाइन केलंय, मातीची तपासणी झालीये का, सळ्यांचं बांधकाम आयएस १३९२० प्रमाणे आहे का, पार्किंगच्या मजल्याचे खांब त्या हिशेबाने जास्त मजबूत केलेत का.

आणि झोनवरून आठवलं, ‘झोन ४ म्हणजे तिथे ४ रिश्टरचे भूकंप होतात’ असंही मी ऐकलंय. अजिबात नाही. भूकंपाचे झोन आखताना एमएसके तीव्रतेचा आधार घेतलेला होता, २००२ च्या नकाशात कोयना भाग झोन ४ मध्ये होता, मुंबई-पुणे झोन ३ मध्ये. किल्लारी १९९३ च्या भूकंपावेळी सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होतं, २००२ च्या नकाशात झोन १ काढूनच टाकला आणि किल्लारीचा भाग झोन ३ मध्ये गेला.

बातमी द्यायची तर जपानसारखी द्यावी असं माझं ठाम मत आहे. तिथे भूकंप झाला की टीव्हीवर आधी गावागावाची तीव्रता येते, तिला ते शिंदो म्हणतात, मॅग्निट्यूड वेगळी सांगतात आणि दोन्हीसाठी शब्द वेगळे आहेत, म्हणून बातमीत तरी असा घोळ होत नाही. आपल्याकडे निदान ‘४.५ मॅग्निट्यूडचा भूकंप, कळमनुरीत जोरदार, नांदेडला सौम्य धक्का’ एवढं तरी लिहिता येईल. जागा तेवढीच लागते.

१० जुलै २०२४ ला सकाळी सातनंतर हिंगोलीत पुन्हा ४.५ चा झाला. आत्याचा फोन आला, धापा टाकत होती. म्हणाली, “अगं, मांडणीतली ताटं वाजली, कॅलेंडर भिंतीवर झोके घ्यायला लागलं, म्हैस दावं तोडायला बघत होती, मी तशीच अंगणात आले, पण भिंतीला चीर नाही कुठे. किती रिश्टर होता गं?” मी म्हटलं, आत्या, रिश्टर मी बघून सांगते, पण तू जे आत्ता सांगितलंस ना, ती तीव्रता, पाचच्या आसपास, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगता आली नसती.