नोटरी की रजिस्टर? भाड्याच्या घराचे दोन करार

नोकरीसाठी पुण्यात आलेल्याला वाकड-हिंजवडीकडे फ्लॅट दाखवणारा ब्रोकर चावी देण्याआधी हमखास म्हणतो, "ॲग्रीमेंट नोटरी करून टाकू, अकराच महिन्यांचं तर आहे." ब्रोकरेज, डिपॉझिट आणि टेम्पोवाल्याचे पैसे देऊन खिसा आधीच रिकामा झालेला असतो. रजिस्टर करण्यापेक्षा हजार-दीड हजार वाचतायत तर वाचू देत, असं वाटतं. मलाही वाटलं होतं.

दिसायला नोटरीचा कागदच जास्त रुबाबदार. स्टॅम्प पेपर, गोल शिक्के, वकिलाची झोकदार सही. रजिस्टर केलेला करार म्हणजे साधी पीडीएफ, तिच्यात वेबकॅमसमोर दचकलेले आपले चेहरे आणि अंगठ्यांचे ठसे. पण नोटरी सांगतो ते एवढंच, की या माणसांनी माझ्यासमोर सह्या केल्या. आतल्या मजकुराची प्रत सरकारदरबारी जमा होत नाही. रजिस्टर केलं की करार नोंदणी विभागाकडे राहतो, त्याला दस्त क्रमांक पडतो आणि नंतर कुणाला त्यात पेन चालवता येत नाही.

या पेनाचा हिसका मला बसलाय. माझा पहिला करार नोटरी केलेला. मूळ प्रत मालकांकडे, माझ्याकडे झेरॉक्स. घर सोडताना त्यांनी तिसरं पान उघडून दाखवलं. समासात निळ्या शाईनं लिहिलं होतं, 'रंगकाम भाडेकरूकडे'. माझ्या झेरॉक्सवर तो समास कोरा! डिपॉझिटमधले बारा हजार गेले. भांडलो थोडा, पण सोमवारी नव्या ऑफिसात रुजू व्हायचं होतं.

आता त्या अकरा महिन्यांचं. 1908 च्या केंद्रीय नोंदणी कायद्यात एक वर्षापर्यंतच्या साध्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही. अकराचा आकडा तिथूनच आला आणि देशभर रुळला. महाराष्ट्रात मात्र ती पळवाट चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे घर फक्त ठरावीक मुदतीपुरतं वापरायला देण्याचा करार), मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर त्या निळ्या शाईला उत्तर देता आलं असतं.

खर्चाचं म्हणाल तर लिव्ह अँड लायसन्सवर स्टॅम्प ड्युटी 0.25 टक्के. ती मुदतीतलं एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर लागते. पंधरा हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर पाचशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. वर एजंटची फी, जी तो तुमचा चेहरा बघून सांगतो. आधार कार्डावर घरबसल्या काम होतं. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो. हा खर्च बहुतेक ठिकाणी निम्मा-निम्मा करतात, तेव्हा आधीच विचारून घ्या. पुढे पासपोर्टला पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा झाला तर तो नोंदणीकृतच लागतो.

रजिस्टर केलं म्हणजे डिपॉझिट आपोआप परत येतं, असं मात्र नाही. उलट अंगठा दिला की त्यातल्या जाचक अटीही तितक्याच पक्क्या होतात. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 खाली दुप्पट भाडं भरावं लागतं. म्हणून लॉक-इन (किती महिने घर सोडता येणार नाही), रंगकाम आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, या तीन ओळी अंगठ्याआधी वाचाव्यात, आणि भिंतींचे फोटो पहिल्याच दिवशी काढून मालकांना व्हॉट्सॲप करावेत.

आणि एक. नोंदणी फी मुदतीवर अवलंबून नसते. अकरा महिन्यांचे तीन करार केले तर ती, एजंटसकट, तीनदा जाते; तेहेतीस महिन्यांच्या एकाच करारात एकदाच. माझे आताचे मालक कुरकुरत का होईना, दरवर्षी पाच टक्के वाढीची अट घालून त्याला तयार झाले.