बोडक्या डोक्यातला ‘र’

मराठीत ‘बोडका’ म्हणजे टोपी-पागोटं न घातलेला, आणि हजामत करून डोकं तुळतुळीत केलेलाही. कोणता अर्थ घ्यायचा ते प्रसंगावरून कळतं. इंग्रजी ‘बेअरहेडेड’मध्ये ही गफलत नाही. केस कितीही दाट असोत, डोक्यावर टोपी वा फडकं नाही, एवढाच त्याचा अर्थ. टक्कलवाल्यासाठी ‘बॉल्ड’ आहेच. ‘बेअर’ म्हणजे उघडं, ‘हेड’ म्हणजे डोकं. यात शोधायचं काय, असं वाटतं खरं. पण ‘बेअर’मधला ‘र’ मूळचा ‘र’ नाही. तो एके काळी ‘स’ होता.

रशियनमध्ये ‘बोसोय’ आणि लिथुआनियनमध्ये ‘बासस’ म्हणजे अनवाणी. हे दोन्ही शब्द आणि इंग्रजी ‘बेअर’ एकाच मुळातून आलेत. एकच शब्द इथे टोपी उतरवतो, तिथे वहाणा. तिकडच्या भाषांनी जुना ‘स’ जपला. इंग्रजी आणि जर्मनच्या पूर्वज भाषेत त्याचा आधी घोष ‘झ’ झाला (‘झरा’मधल्यासारखा) आणि पुढे त्याचा ‘र’.

हे ओढूनताणून वाटत असेल, तर शाळेतलं इंग्रजी व्याकरण आठवा. एकवचनात ‘वॉज’, अनेकवचनात ‘वेअर’. तिथेही तोच ‘स’ आणि तोच ‘र’. गंमत म्हणजे हे क्रियापद संस्कृत ‘वस्’ धातूचं, म्हणजे आपल्या ‘वसणे’ आणि ‘वस्ती’चं नातलग आहे.

पण एका रूपात ‘स’ टिकला आणि दुसऱ्यात बदलला, असं का? ‘हेड’मधल्या ‘ह’चा बदल त्या मानाने शिस्तीत झालेला. लॅटिन ‘कापुत’, जुनं इंग्रजी ‘हेआफोद’. ‘क’चा ‘ह’, तसाच ‘त’चा ‘थ’ होण्याचा नियम याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने 1822 मध्ये मांडला होता. या नियमाला अडचणीचे ठरत होते ते काही अपवाद. संस्कृतात ‘पितृ’ आणि ‘भ्रातृ’ दोन्हींत ‘त’ आहे. इंग्रजीची नातलग असलेल्या जुन्या गॉथिक भाषेत मात्र भावाच्या शब्दात ‘थ’ आणि बापाच्या शब्दात ‘द’.

हे कोडं 1875 च्या सुमारास कार्ल वेर्नर या डॅनिश अभ्यासकाने सोडवलं, तेही वैदिक स्वरांच्या आधाराने. वेदात ‘भ्राता’चा उदात्त, म्हणजे उंच स्वराचा आघात, पहिल्या अक्षरावर, ‘पिता’चा शेवटच्या. आघात व्यंजनाच्या लगेच आधीच्या अक्षरावर असेल तर व्यंजन कठोर राहतं, नाहीतर मृदू होतं. हाच नियम ‘स’लाही लागू. म्हणजे ‘बेअर’च्या मूळ शब्दातही आघात शेवटी होता, असं मानावं लागतं. पुढे इंग्रजीच्या पूर्वज भाषेने सगळे आघात शब्दाच्या सुरुवातीला आणून ठेवले. कारण पुसलं गेलं, ‘र’ मात्र राहिला.

युरोपातल्या भाषांचा खटला, साक्ष देणारे वेदपाठी! त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वर सांभाळले नसते, तर वेर्नरचं काम फार अवघड झालं असतं. ऋग्वेदाच्या छापील पोथीत अनुदात्ताखाली (खालच्या स्वराखाली) आडवी रेघ असते, स्वरितावर (उतरत्या स्वरावर) उभी. उदात्त अक्षरावर काहीच नसतं. ते बोडकंच.