नोरा नावाच्या दोघी: ‘द फ्लॅश’च्या पाचव्या सीझनमागचा इतिहास

मे २०१८मध्ये ‘द फ्लॅश’ या अमेरिकी मालिकेचा चौथा सीझन संपला. घरात नव्या बाळाच्या आगमनाचा आनंद चाललेला असतो आणि एक अनोळखी तरुणी येऊन उभी राहते. मी तुमची मुलगी नोरा, भविष्यातून आले आहे आणि माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे, असं ती बॅरीला, म्हणजे वाऱ्याहून वेगाने धावणाऱ्या ‘फ्लॅश’ या नायकाला, आणि त्याची बायको आयरिसला सांगते. या दोघांचं नुकतं लग्न झालेलं, मूलबाळ अजून नाही. ९ ऑक्टोबर २०१८ ते १४ मे २०१९ या काळात दाखवल्या गेलेल्या पाचव्या सीझनचे बावीसही भाग या एका प्रसंगाच्या पोटातून निघतात.

ही मुलगी लेखकांनी प्रेक्षकांना धक्का द्यायला ऐन वेळी आणलेली नव्हती. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बॅरीच्या लग्नात वाढपी म्हणून तिला आधीच फिरवून आणलं होतं. पण तिची खरी मुळं त्याहून बरीच मागे, १९६१ सालच्या एका कॉमिकमधल्या व्यायामाच्या यंत्रापर्यंत जातात.

पहिला फ्लॅश १९४० सालचा, जे गॅरिक नावाचा. तो पुढे मागे पडला. १९५६मध्ये डीसी या कॉमिक प्रकाशन कंपनीने नाव तेच ठेवून माणूस नवा आणला. पोलिस खात्यात प्रयोगशाळेत काम करणारा बॅरी अ‍ॅलन, अंगावर वीज आणि रसायनं एकदमच पडतात आणि तो वाऱ्याहून वेगवान होतो. गंमत म्हणजे हा बॅरी लहानपणापासून जे गॅरिकची कॉमिकं वाचत आलेला असतो, आणि टोपणनाव तिथूनच उचलतो. सप्टेंबर १९६१च्या अंकात हे दोघे प्रत्यक्ष भेटतात, कारण जे दुसऱ्या एका पृथ्वीवर खराखुरा जगत असतो. त्याच वर्षी डिसेंबरच्या अंकात ‘कॉस्मिक ट्रेडमिल’ येते. पट्ट्यावर धावायचं, वेग नेमका साधायचा, की माणूस भूतकाळात किंवा भविष्यात. बस्स, एवढंच.

त्या काळातल्या गोष्टींत कालप्रवास ही सहल असायची. बॅरी जायचा, कुणाला तरी धडा शिकवायचा, जेवणाच्या वेळेला परत. आपल्या पुराणातली रेवतीची गोष्ट आठवून पाहा. राजा ककुद्मी मुलीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो, परत येतो तोवर पृथ्वीवर युगं लोटलेली असतात आणि ओळखीचं कुणी उरलेलं नसतं. तिथे वेळ घालवल्याची किंमत मोजावी लागते. साठच्या दशकातल्या फ्लॅशला ती मोजावी लागत नव्हती.

किंमत आली ती एका शत्रूच्या रूपाने, आणि तीही हप्त्याहप्त्याने. १९६३मध्ये जॉन ब्रूम आणि कार्माइन इन्फँटिनो यांनी ‘रिव्हर्स-फ्लॅश’ आणला. इओबार्ड थॉन हा पंचविसाव्या शतकातला गुन्हेगार. एका कालकुपीत फ्लॅशचा पोशाख त्याच्या हाती लागतो, तो त्याचे रंग उलटे करून अंगावर चढवतो. लालच्या जागी पिवळा, पिवळ्याच्या जागी लाल. सुरुवातीला तो इतर खलनायकांसारखाच एक. १९७९मध्ये मात्र त्याने बॅरीच्या बायकोचा, आयरिसचा जीव घेतला. १९८३मध्ये बॅरीच्या दुसऱ्या लग्नाच्या दिवशी तो पुन्हा आला तेव्हा बॅरीच्या हातून तो मारला गेला. त्यानंतर बॅरीवर चाललेला खटला १९८५मध्ये मासिक बंद होईपर्यंत पुरला. शेवटी उलगडलं ते असं, की आयरिस जन्माने तिसाव्या शतकातलीच आणि तिथे ती जिवंत आहे. बॅरी तिच्याकडे जातो, थोडा काळ संसार करतो आणि ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या मोठ्या कथेत विश्व वाचवताना मरतो.

त्याच्यामागे आयरिसला जुळं होतं. मुलगा डॉन आणि मुलगी डॉन. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं आहे, देवनागरीत भावंडं एकाच नावाची दिसतात, त्याला इलाज नाही. या दोघांना बाप आठवणीत नाही. १९९४मध्ये पुढची पिढी आली: मुलाचा मुलगा बार्ट, म्हणजे ‘इम्पल्स’, आणि मुलीची मुलगी जेनी ओग्नॅट्स, म्हणजे ‘एक्सएस’. बार्टला वाचवायला आजी आयरिस त्याला घेऊन विसाव्या शतकात येते. भविष्यातून आलेलं, शिस्त नसलेलं, फ्लॅशच्या रक्ताचं पोर हा साचा इथे तयार झाला. मालिकेतल्या नोराने ‘एक्सएस’ हे नाव जेनीकडून घेतलं आणि उतावळेपणा बार्टकडून. बापाला न ओळखणं मात्र आधीच्या पिढीचं, त्या दोन डॉनांचं.

नोरा हे नाव मात्र त्या यादीत कुठेच नाही. ते आजीचं आहे. आजीचं नाव नातीला ठेवायची रीत आपल्याकडेही आहेच. इथे त्या नावाला खुनाचा वास आहे.

हा खून जुना वाटतो, पण तो बऱ्यापैकी नवा आहे. मूळ कॉमिकांत बॅरीचे आईवडील, नोरा आणि हेन्री, धडधाकट म्हातारे होते. १९९०-९१मध्ये सीबीएस वाहिनीवर फ्लॅशची एक मालिका आली होती, एकाच सीझनमध्ये आटोपली. त्यातही आईवडील दोघंही जिवंत. खून होतो तो भावाचा. २००९मध्ये मरणातून परतलेल्या बॅरीची कथा लिहिताना जेफ जॉन्स यांनी मागे जाऊन ही मेख मारली: बॅरी लहान असताना थॉनने भूतकाळात येऊन आईला मारलं आणि आळ वडिलांवर आला. म्हणजे खलनायकाने कथेच्या आत भूतकाळ बदलला आणि लेखकाने कथेच्या बाहेरून. दोन वर्षांनी, २०११मध्ये, ‘फ्लॅशपॉइंट’ आलं. बॅरी आईला वाचवायला मागे जातो आणि त्या एका कृतीने सगळं जग उलटंपालटं होतं.

माझ्या मते फ्लॅशच्या साऱ्या इतिहासात यापेक्षा परिणामकारक बदल झालेला नाही. त्याआधी कालप्रवास म्हणजे करामत होती. यानंतर तो शोक झाला. ज्याला कुठल्याही क्षणी मागे जाता येतं त्याला आई गेली हे पचवता येईल का, हा प्रश्न एकदा विचारला गेला आणि नंतरच्या प्रत्येकाला त्याच्याशी झटावं लागलं.

२०१४मध्ये सीडब्ल्यू वाहिनीवर नवी मालिका सुरू झाली. ग्रेग बर्लान्टी आणि अँड्र्यू क्राइसबर्ग यांच्यासोबत निर्मात्यांत स्वतः जॉन्स होते, त्यामुळे आईचा खून पहिल्या भागापासूनच पाया म्हणून आला. बॅरीच्या भूमिकेत ग्रँट गस्टिन. आणि तुरुंगातल्या वडिलांच्या भूमिकेत १९९०चा फ्लॅश, जॉन वेस्ली शिप. जुन्या प्रेक्षकांना हा मान वाटला. माझ्या डोळ्यांत तेव्हाच पाणी आलं होतं, कथा अजून सुरूही झाली नव्हती तरी.

आणखी एक बदल पुढे फार उपयोगी पडला. वडील तुरुंगात, म्हणून बॅरी वाढतो तो पोलिस अधिकारी जो वेस्टच्या घरी, आयरिससोबत. कॉमिकांत वेस्ट कुटुंब गोरं होतं; मालिकेने ते कृष्णवर्णीय केलं आणि आयरिससाठी कँडिस पॅटन हिला घेतलं. तिला या निवडीबद्दल समाजमाध्यमांवर बरंच विषारी ऐकावं लागलं. पण जेसी एल. मार्टिनने उभा केलेला जो आणि त्याचं घर यांनी मालिकेला चूल दिली. प्रयोगशाळेतली खडाजंगी शेवटी जो वेस्टच्या बैठकीच्या खोलीतच मिटायची.

पहिल्या सीझनच्या अखेरीस बॅरी आईच्या मृत्यूच्या रात्री पोचतो. तिथे आधीच असलेला त्याचा भविष्यातला अवतार हाताने खुणावतो, नको. तो थांबतो, आणि नंतर मरणाऱ्या आईजवळ बसून निरोप घेतो. दुसऱ्या सीझनच्या शेवटी, वडिलांनाही डोळ्यांसमोर मारलं गेल्यावर, तो थांबत नाही. आईला वाचवतो. तिसऱ्या सीझनभर त्याची फळं घरच्यांनाच भोगावी लागतात. बॅरीचा जवळचा सहकारी सिस्को याचा भाऊ मेलेला असतो, मित्राच्या घरातली लहान मुलगी नाहीशी होऊन तिच्या जागी मुलगा असतो. जे गॅरिक त्याला कॉफीचा फुटलेला कप दाखवतो: जोडता येईल, पण तडा राहणार. हा जेही शिपच साकारतो. उपदेश येतो तो मेलेल्या बापाच्या चेहऱ्याने.

एवढं सगळं पाठीशी असताना पाचव्या सीझनने बाजू उलटवली. आता मागे आलेलं मूल दुसरंच आहे आणि हरवलेला बाप आहे बॅरी. पहिल्याच भागापासून मालिकेत २५ एप्रिल २०२४ तारखेचं एक वर्तमानपत्र दाखवलं जात होतं, मथळा असा की संकटात फ्लॅश नाहीसा झाला, आणि बातमी लिहिणारी आयरिस. नोरा येते २०४९मधून. ती बापाला ओळखते ती फ्लॅशच्या संग्रहालयातून. जेसिका पार्कर केनेडीने ही भूमिका केली. ती गस्टिनहून पाच वर्षांनी मोठी आहे आणि पॅटनहूनही मोठी. लेक आईबापांपेक्षा वयाने मोठी, आणि तरी एकदाही खटकत नाही. बापाकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर जो पोरकट आनंद येतो त्याचं हे श्रेय.

आईशी मात्र ती तुटक वागते. कारण कळतं ते असं: भविष्यातल्या आयरिसने मुलीच्या शरीरात एक चिप बसवलेली होती, जी तिची शक्ती दाबून ठेवायची. आपल्याला शक्ती आहे हेच मुलीला वर्षानुवर्षं ठाऊक नव्हतं. नवरा गमावलेली बाई मुलगी गमवायला तयार नव्हती. पण आज समोर उभ्या असलेल्या आयरिसने यातलं काहीच केलेलं नाही. न केलेल्या गोष्टीचा राग तिने झेलायचा, आणि वर त्या न केलेल्या गोष्टीची बाजूही घ्यायची, कारण ती करणारी आपणच असणार.

हा सीझनचा सर्वांत सकस धागा, आणि त्याला एक जुना संदर्भ आहे. पहिल्या सीझनमध्ये बॅरी फ्लॅश आहे ही गोष्ट घरातल्या पुरुषांनी आयरिसपासून महिनोन् महिने लपवली. तुझ्या सुरक्षेसाठी, असं म्हणत. प्रेक्षकही त्यावर वैतागले होते. इथे तेच वाक्य, तेच कारण, आणि सांगणारी आयरिस. लेखकांनी हे मुद्दाम केलं की ओघात जमून आलं ते सांगता येणार नाही. टॉड हेल्बिंग यांच्याकडे या सीझनची सूत्रं होती आणि खलनायकापेक्षा घरातल्या माणसांवर त्यांचा जीव होता हे जाणवतं.

खलनायकाबद्दल म्हणूनच फार बोलण्यासारखं नाही. सिकेडा हा कॉमिकांत २००१मध्ये आलेला एका पंथाचा म्होरक्या. मालिकेत तो ऑर्लिन ड्वायर झाला, उपग्रहाच्या तुकड्याने भाची कोमात गेली म्हणून शक्तिधारकांवर सूड उगवणारा मामा. पालकत्वाची आणखी एक बाजू, कागदावर चांगली. क्रिस क्लाइनच्या घोगऱ्या आवाजात ती अर्ध्या सीझनमध्येच थकते.

खरा डाव थॉनचा. ४ डिसेंबर २०१८ला मालिकेचा शंभरावा भाग आला, दिग्दर्शक टॉम कॅव्हना, म्हणजे थॉन साकारणारा नटच. बॅरी मुलीला घेऊन काही वस्तू गोळा करायला आपल्याच जुन्या सीझनांमधून फिरतो, आणि शेवटी दिसतं की नोरा २०४९मध्ये जाऊन फाशीची वाट पाहणाऱ्या थॉनचा सल्ला घेते. ज्याने आजीला मारलं तो नातीचा गुरू. हे गुपित बाहेर काढतो शेरलॉक नावाचा गुप्तहेर, आणि तोही कॅव्हनाच.

सत्य कळल्यावर बॅरी काय करतो? मुलीला उचलून २०४९मध्ये नेतो आणि तिथे सोडून येतो. प्रियजनाला वाचवण्यासाठी ज्याने सगळं जग मोडलं होतं तो प्रियजनाला वाचवायला आलेल्या मुलीला माफ करू शकत नाही. आयरिसला न विचारता त्याने हे केलं, आणि या वेळी चिडायची पाळी तिची. ती स्वतःच मग भविष्यात मुलीकडे जाते.

अखेरच्या भागात कळतं की सिकेडाचा खंजीर २०४९मध्ये थॉनच्या छातीवर बांधून त्याची शक्ती रोखलेली आहे. वर्तमानात तो नष्ट झाला की तिकडे थॉन मोकळा. नोराचं सगळं शिक्षण यासाठी होतं. खंजीर मोडतो, काळाचा ओघ बदलतो आणि नोरा पुसली जाऊ लागते. निगेटिव्ह स्पीड फोर्समध्ये, म्हणजे थॉनला वेग देणाऱ्या शक्तीत, शिरली तर ती वाचेल, पण तो वेग द्वेषावर चालतो. ती नकार देते आणि आईबापांच्या मिठीत विरून जाते. नंतर दोघं तिने आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला निरोप पाहतात, आणि दुसरीकडे त्या वर्तमानपत्रावरची तारीख २०२४वरून २०१९ होते.

म्हणजे जे संकट पाच वर्षांनी यायचं ते पुढच्याच हंगामात आलं. डिसेंबर २०१९मध्ये सीडब्ल्यूच्या मालिकांनी एकत्र येऊन १९८५ची ती ‘क्रायसिस’ पडद्यावर आणली. विश्व वाचवायला फ्लॅशने धावत मरायचं हे ठरलेलंच होतं. पण कॉस्मिक ट्रेडमिलवर चढला तो १९९०च्या मालिकेतला फ्लॅश, जॉन वेस्ली शिप. बॅरीला थोड्या वेळापुरतं शक्तिहीन करून, त्याच्या वडिलांच्या चेहऱ्याचा तो माणूस पट्ट्यावर धावत गेला आणि धावता धावता दिसेनासा झाला.